टीव्हीच्या खोक्यातली तेहतीस अंडी

परवा भर दुपारी लाइट गेली आणि माझा हात आपोआप गोधडीकडे गेला. पलंगावरची गोधडी ओढून मी उठलेसुद्धा, आणि मग ती छातीशी धरून हॉलच्या मधोमध उभी राहिले, कारण पांघरूण घालावं असं घरात काहीच नव्हतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या या इमारतीत एरवी लाइट गेलेली कळतही नाही. परवा इन्व्हर्टर बिघडला होता म्हणून कळलं. नवऱ्याने विचारलं, "थंडी वाजतेय का तुला?" फेब्रुवारीची दुपार, अंगाला घाम. मी म्हटलं, "नाही, सवय." आता त्याला काय सांगणार, की ही सवय जेमतेम तीन आठवड्यांची आहे आणि तीही वीस वर्षांपूर्वीची.

नाशिकची थंडी जायला निघाली की दाराशी खूप वेळ रेंगाळते. सकाळी स्वेटर, दुपारी उसाचा रस, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. हातगाड्यांवर द्राक्षं येतात आणि घराघरांत परीक्षा असते. आईच्या लेखी मात्र हे दिवस अंडी बसवायचे. तिचं माहेर येवल्याजवळ, कांद्याच्या शेतात घर. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायची थांबून पिसं फुगवून एका जागी ठाण मांडून बसली, की तिला भुश्याच्या पाटीत अंड्यांवर बसवायचं, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं मोजायची. हे सगळं आईला लहानपणापासून येत होतं. पण सातपूरच्या कॉलनीत लग्न होऊन आल्यावर तिला ते येतं का, असं कोणी विचारायचा प्रश्नच आला नाही. कॉलनीत लोक कंपनीच्या गोष्टी बोलत.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात तपासनीस होते. चोवीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. समोर येणारा लोखंडी तुकडा मापात आहे की नाही ते बघायचं, आणि नसला तर लाल तेलकट पेन्सिलीने त्यावर फुली मारायची. त्यांचा नियम होता, शंका आली की बाद. हा नियम ते पाळीवरून सुटताना कंपनीत ठेवून येत नसत. आमच्याकडे शंकेचा टोमॅटो बाद व्हायचा, शंकेचं दूध बाद व्हायचं, माझी एक मैत्रीणही त्यांनी नुसत्या शंकेवरून बाद केली होती. आई निमूटपणे टोमॅटो बाजूला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याची चटणी करायची. बाबा ती मागून घ्यायचे.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर कंपनीने पन्नाशीच्या पुढच्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. बाबा घरी आले. घरी आले म्हणजे काय, तर रोज पहाटे उठून दाढी करायचे, आकाशी रंगाचा कंपनीचा शर्ट घालायचे आणि पावणेसहाला खिडकीत उभे राहायचे. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबून निघून गेली की शर्ट काढून ठेवायचे. आई पाठमोरी पोळ्या लाटत राहायची. मी तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते, मी पुस्तक जरा वर धरायचे. न बघितल्यासारखं करण्यात आम्ही दोघी तरबेज झालो होतो. बाबा बोलायचेही बंद झाले होते. मला त्यांच्या रागाची सवय होती, राग परवडतो. त्या गप्प बसण्याची मात्र मला भीती वाटायची.

त्यांच्याबरोबरच बाहेर पडलेले खैरनारकाका एक दिवस नोकरी घेऊन आले. "सदाभाऊ, गंगापूर रोडला बंगला हाय. गेटवर बसायचं, गाडी आली की उघडायचं. लय सोपं काम. मालक महिन्याभरानं बाहेरगावाहून येतोय, तवर सांगा." बाबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाले, "तीन आठवडे दे मला. एक गोष्ट करून बघायचीय." शेतीच्या कुठल्याशा मासिकात त्यांनी घरी अंडी उबवायच्या पेटीबद्दल वाचलं होतं. पिल्लं निघाली तर मामाच्या शेतात शेड टाकून गावठी कोंबड्या करायच्या, नाही निघाली तर गेटवर बसायचं, असं ठरलं. गेटवर बसण्यात कमीपणा नव्हता, हे बाबाही म्हणत होते. पण ही पेटी फसली असती तर आपल्याला लोखंडाशिवाय काहीच कळत नाही अशी त्यांची कायमची समजूत झाली असती. मग ते गेटवर काय आणि घरात काय, तसेच गप्प बसून राहिले असते. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं, आणि आईला तर माझ्याआधी कळलं होतं.

माळ्यावर आमचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही पडला होता. लाकडी खोक्याचा, पुढे सरकती दारं असलेला. बाबांनी त्याचं पोट रिकामं केलं, पडद्याच्या जागी साधी काच बसवली, आत चाळीसचे दोन बल्ब, जुन्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी, थर्मामीटर आणि छत्तीस अंड्यांचा जाळीचा ट्रे. किती दिवसांनी घरात पक्कड-स्क्रूड्रायव्हरचा आवाज येत होता. सहा गुणिले सहा, छत्तीस. आईने म्हटलं, "अंडी विषम बसवतात." बाबा म्हणाले, "त्याला काही कारण?"  आईने भावाला परस्पर फोन करून पस्तीसच आणायला सांगितली.

मामा येवल्याहून एसटीने अंडी घेऊन आला, डब्यात बाजरी भरून तीत खुपसलेली. टीव्हीभोवती फिरून त्याने सगळ्या बाजूंनी पाहिलं. "दाजी, आमच्याकडं कोंबडी हाय की. तिला दिली अस्ती तर तिनंच काढली अस्ती."

"कोंबडी एका वेळी बारा-पंधरा अंडी घेते," बाबा म्हणाले. "याच्यात छत्तीस बसतात."

"बसवा मग. पर कोंबडीला लाइट लागत नाय."

पस्तीसपैकी दोन अंडी एसटीत तडकली होती. उरली तेहतीस. आई खूश, कारण आकडा विषम. बाबा नाराज, कारण ट्रेमध्ये तीन जागा रिकाम्या.

आणि मग आमच्या दोन खोल्यांच्या घरात कंपनी सुरू झाली. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवावी लागतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पाळ्या आखल्या. पहिली पाळी आईची, दुसरी माझी, तिसरी त्यांची. अंडी फिरवायची, तापमान लिहायचं, सही करायची. आईने पहिल्या दिवशी सही केली तेव्हा ती लाजली होती, कारण बँकेच्या फॉर्मनंतर तिची सही कोणी मागितली नव्हती. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने नंबर होता. काचेआड पिवळा उजेड, त्यात तेहतीस अंडी, आणि समोर सतरंजीवर आम्ही तिघं. संध्याकाळी टीव्ही बघायला बसायचो तसेच बसायचो. एक दिवस माझ्या लक्षात आलं की पावणेसहाला बाबा खिडकीत नव्हते, थर्मामीटरपाशी होते. शर्ट मात्र तोच होता.

त्या वर्षी भारनियमन जोरात होतं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, वेळापत्रक पेपरात यायचं आणि दर आठवड्याला बदलायचं. लाइट गेली की आम्ही धावायचो. गोधड्या, बाबांचा स्वेटर, आईची शाल, सगळं टीव्हीवर. आत गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून. शेजारीपाजारी अंधार पडला की मेणबत्त्या शोधत, आम्ही पांघरुणं शोधायचो. ऊब ही इतकी राबून टिकवावी लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. आपल्याला ती आयती मिळालेली असते म्हणून असेल.

आठव्या दिवशी तपासणी. बाबांनी मोरीचं दार लावून घेतलं, टॉर्चला काळ्या कागदाची नळी लावली आणि एकेक अंडं तिच्या तोंडाशी धरलं. आत जीव असला तर बारीक लाल शिरांचं जाळं दिसतं. काही अंड्यांत ते इतकं छान दिसलं की मी ओरडलेच. काही अंडी अगदीच कोरी होती. आणि काही नुसती गढूळ, धड कोरी नाहीत, धड शिरा नाहीत. बाबांनी लाल पेन्सिल काढली.

"ही राहू द्या ना," आई दार किलकिलं करून म्हणाली. "गावठी अंड्याचं कवच जाड असतं. आतलं लवकर दिसत नाही. अजून आठ दिवसांनी बघा."

"खराब अंडं आत फुटलं तर सगळा लॉट जाईल. शंका आली की बाद."

यात चुकीचं काही नव्हतं. सडकं अंडं खरंच फुटतं आणि बाकीच्यांची वाट लावतं. लोखंडाचा शंकेचा तुकडा पुढे गेला तर कुठेतरी यंत्र मोडतं, माणसाचा हात जातो. बाबांनी अकरा अंड्यांवर फुल्या मारल्या आणि ताट आईकडे दिलं. "घंटागाडी आली की टाकून दे."

घंटागाडी आली, घंटा वाजवून गेली. ताट ओट्यावरच होतं. आईने एक अंडं उचलून गालाला लावलं, मग माझ्या गालाला लावलं. "हे मेलेलं नाही," ती म्हणाली. यात शास्त्र किती हे बाबांना विचारायची सोय नव्हती. तिने अकराही अंडी पदरात घेतली आणि आम्ही मागच्या गल्लीत रुक्सानाचाचींकडे गेलो. चाचींनी दारातल्या चिंचोळ्या जागेत चार कोंबड्या पाळल्या होत्या, आणि त्यातली एक तांबडी खुडूक होती.

"भाभी, चार दिवस झाले ही टोपलीतनं उठत नाही," चाची म्हणाल्या. "नीचे एक अंडा नहीं, तरी बसलीय येडी."

आईने तिच्या पोटाखाली एकेक अंडं सरकवलं. कोंबडीने चोचीने ते आत ओढून घेतलं, अंगाची पिसं पसरली आणि डोळे मिटले. लाल फुलीचं तिला काहीच नव्हतं. येताना आई म्हणाली, "बाबांना बोलू नकोस." आईने बाबांपासून लपवलेली ही पहिलीच गोष्ट असं मी समजत होते. टोमॅटोच्या चटणीचं मी विसरले होते.

लिहिता लिहिता मधेच आईला फोन केला. ती अजून सातपूरच्या घरातच आहे, गुडघे दुखतात, पण आठवण पक्की. मी म्हटलं, "ट्रान्सफॉर्मर जळाला तो विसावा दिवस होता ना?" म्हणाली, "एकोणिसावा. अठराव्या दिवशी अंडी फिरवायची बंद केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तर एकोणिसावा. सकाळी नऊला गल्लीतला ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून बसला तो संध्याकाळी पाचपर्यंत. दोन तासांची आमची तयारी असायची, आठ तासांची नव्हती. गॅसवर सतत पाणी, बाटल्या बदलायच्या, पुन्हा पाणी. तरी साडेसदतीसचा पारा छत्तीस, चौतीस, एकतीस असा उतरत गेला. बाबा टीव्हीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले होते, गोधड्यांसकट.  आई म्हणाली, "कोंबडीसुद्धा उठते दाण्यापाण्याला. इतकी नाजूक नसतात अंडी." बाबांचं लक्ष नव्हतं, ते पाऱ्याकडे बघत होते. मी कपाळावरचा घाम पुसायला रुमाल दिला तर त्यांनी तो बाटलीला गुंडाळला.

एकविसाव्या दिवशी सकाळपासून आम्ही काचेसमोर. दुपार झाली, संध्याकाळ झाली. बावीस अंडी जशीच्या तशी. त्याच संध्याकाळी चाचींची मुलगी दारात आली आणि बाबा मोरीत आहेत असं बघून हळूच म्हणाली, "चार निकले." आईने माझा हात घट्ट धरला. आनंदाची बातमी होती, पण ती सांगायची कशी? चार पिल्लं निघाली म्हणजे बाबांची नजर चार वेळा चुकली, आणि ज्या दिवशी त्यांची पेटी गप्प होती त्याच दिवशी हे सांगायचं. आम्ही दोघी जेवताना एकमेकींकडेही बघितलं नाही.

बाविसाव्या दिवशी सकाळी बाबा उठले, काचेतून आत बघितलं आणि म्हणाले, "सगळा लॉट बाद." आवाज अगदी सरळ होता. त्यांनी बल्ब बंद केले, ट्रे बाहेर काढला आणि बादली जवळ ओढली.

आईने ट्रे त्यांच्या हातातून घेतला, आत सरकवला आणि बल्ब पुन्हा लावले. "आधी माझ्याबरोबर चला," ती म्हणाली. बाबा इतके चकित झाले की चपला न घालताच निघाले, आणि मी त्यांच्या मागोमाग.

चाचींनी टोपली उचलली. कोंबडी फुत्कारली आणि तिच्या पंखाखालून चार पिल्लं डोकावली, दोन पिवळी, एक काळं, एक ठिपक्यांचं. भुश्यात कवचांचे तुकडे पडले होते. बाबा उकिडवे बसले आणि त्यांनी एक अर्धं कवच उचललं. त्यावर पेन्सिलीने अकरा लिहिलं होतं आणि अकरावर लाल फुली होती. ते कवच त्यांनी उजेडात धरलं, उलटं करून आतून बघितलं, पुन्हा बाहेरून बघितलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चार," आई म्हणाली. "बाकीची सात गेली. तुम्ही म्हणाला होता तशीच निघाली ती."

सातचं त्यांनी ऐकलंच नाही. परत येताना गल्लीच्या मधोमध ते थांबले. "चोवीस वर्षं," ते म्हणाले. "किती चांगले तुकडे भट्टीत गेले असतील गं माझ्या हाताने."

"लोखंड होतं ते," आई म्हणाली. "चला, पायात काही नाही तुमच्या."

इथे लिहिणाऱ्याला मोह होतो. कंपनीने बाद केलेला माणूस आणि त्याने बाद केलेलं अंडं, अशी जोडी समोर मांडून ठेवल्यासारखी आहे. पण बाबांना असली जुळवाजुळव आवडत नाही, त्यांनी या ओळीवर आधी फुली मारली असती. मला त्या सकाळचं वेगळंच आठवतं. माझ्या वडिलांचा चेहरा मी तोवर कधी इतका उघडा बघितला नव्हता, आणि मला त्यांची खूप माया आली. एरवी आपल्याला वडिलांचा धाक असतो, अभिमान असतो, माया त्यांनी आपल्यावर करायची असते. त्या दिवशी ती उलट्या बाजूने आली आणि मला रस्त्यातच रडू फुटलं.

संध्याकाळी खैरनारकाका उत्तर घ्यायला आले. पेटी अजून चालू होती आणि आत काहीही हलत नव्हतं.

"दोन दिवस थांब," बाबा म्हणाले.

"मालक उद्या येतोय, सदाभाऊ. माझ्या हातात नाय."

बाबांनी टीव्हीकडे बघितलं. स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं होतं. "मग दुसऱ्याला दे," ते म्हणाले.

तेविसाव्या दिवशी दुपारी आईने एक अंडं कानाला लावलं आणि बोटानेच आम्हाला गप्प राहायला सांगितलं. मग बाबांच्या कानाला लावलं. आतून टोकरल्याचा आवाज येत होता, फार बारीक. ऊब कमी पडली होती म्हणून त्यांना दोन दिवस जास्त लागले, एवढंच. कवचावर आधी तांदळाएवढा तडा, मग भोक, मग चोचीचं पांढरं टोक. मग बराच वेळ काहीच नाही, पिल्लू दमून झोपतं. बाबांचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते मांडीखाली घातले. दुसऱ्या दिवसापर्यंत नऊ पिल्लं निघाली. आई फोनवर म्हणाली दहा, एक संध्याकाळी गेलं, ते तू धरत नाहीस. ठीक आहे, दहा. कॉलनीतली निम्मी पोरं आमच्या दारात गर्दी करून तो टीव्ही बघत होती.

पुढे फार मोठं काही झालं नाही. मामाच्या शेतात शेड झाली, कोंबड्यांच्या मानमोडी रोगाच्या साथीत एकदा सगळी रिकामी झाली, पुन्हा भरली. बाबा लुनावर गावठी अंडी घेऊन फिरायचे. शर्ट वेगळे घालायचे. घर चाललं.

मला राहून राहून आठवते ती त्याच चैत्रातली दुसरी खेप. पुन्हा आठवा दिवस, पुन्हा मोरीचं दार लावलेलं, टॉर्च, कागदाची नळी. या वेळी आईही आत होती, ताट धरून. पाच-सहा अंडी झाली आणि मग एक गढूळ आलं. बाबांनी ते फिरवून बघितलं, जवळ घेऊन बघितलं. नियम त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. मग त्यांनी टॉर्च खाली केला, अंडं आईपुढे धरलं आणि म्हणाले, "तुला काय वाटतं?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. आईने ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले, पण अंडं लगेच घेतलं नाही. ती बाबांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला विचारताय?"